ल्युब्रिकेटिंग आय ड्रॉप्सची सशांवरची सुरक्षितता चाचणी : प्रोटोकॉल तपासून हवा आहे

मृदुला_फार्मा | सोमवार, रात्री ९:१०

कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांचा सशांवरचा सुरक्षितता प्रोटोकॉल पुढच्या महिन्यात आयएईसीपुढे (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीपुढे) ठेवायचा आहे. त्याआधी इथल्या जाणकारांनी तो निर्दयपणे तपासावा, ही विनंती.

मिश्रण असं: सोडियम हायलुरोनेट ०.२ टक्के, चिंचोक्याचं पॉलिसॅकराइड ०.५ टक्के, फॉस्फेट बफर, पीएच ७.२, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २९०च्या आसपास. दोन रूपं आहेत. एकदाच वापरून टाकायची बिनप्रिझर्व्हेटिव्ह कुपी, आणि १० मिलीची बाटली. बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड ०.०१ टक्के. माणसांत दिवसाला ४ वेळा, दीर्घकाळ वापर अपेक्षित.

प्रोटोकॉल असा: १२ न्यूझीलंड व्हाइट ससे. आधी ०.१ मिलीचा एकच डोस, १, २४, ४८ आणि ७२ तासांनी ड्रेझ गुण (डोळ्याला झालेल्या त्रासाचे गुण). मग त्याच सशांवर २८ दिवस, दिवसाला ४ वेळा. उजव्या डोळ्यात औषध, डावा तुलनेसाठी. शेवटी डोळे फॉर्मॅलिनमध्ये घालून हिस्टॉलॉजी (उतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी). काम मुंबईतच, जूनच्या मध्यावर सुरू.

थेंबाथेंबाने | सोमवार, रात्री १०:३५

मृदुलाताई, सगळ्यात आधी ड्रेझबद्दल, कारण पूर्ण प्रोटोकॉल त्याच्याच खांद्यावर उभा आहे आणि ते खांदे या कामाचे नाहीत.

जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १९४४ साली मांडली. अमेरिकेत १९३८च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनंही सरकारी देखरेखीखाली आली होती आणि डोळा जाळणारे पदार्थ ओळखायची गरज होती. मोजपट्टी त्याच कामाची आहे. एकूण गुण ११०. त्यातले ८० एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे धूसरपणा ० ते ४, गुणिले क्षेत्र १ ते ४, गुणिले ५. बुबुळाचे १०. कंजंक्टायव्हाचे (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पटलाचे) फक्त २०, त्यात लाली ३, सूज ४, चिपड ३, यांची बेरीज दुप्पट करायची.

आता तुमच्या थेंबाने बिघडलंच तर काय बिघडेल? कॉर्निया पांढरा होणार नाही. होईल ते एवढंच: किंचित लाली, एपिथेलियमवर (कॉर्नियाच्या वरच्या थरावर) सुईच्या टोकाएवढे ठिपके, हळूहळू कमी होणाऱ्या गॉब्लेट पेशी (म्यूसिन हा चिकट स्राव बनवणाऱ्या). यातली लाली ११०पैकी जेमतेम २ गुणांची. ठिपक्यांना आणि गॉब्लेट पेशींना तर रकानाच नाही.

जागतिक वर्गीकरणातही २४, ४८ आणि ७२ तासांच्या लालीची सरासरी ३पैकी किमान २ सशांत २पर्यंत पोहोचली, तरच पदार्थ डोळ्याला त्रासदायक ठरतो. लाली १ असेल तर तो 'त्रासदायक नाही' या खात्यात जातो. एकदाच डोळ्यात उडालेल्या रसायनासाठी हे ठीक आहे. पण तुमचा रुग्ण दिवसाला ४ थेंब घालणार, म्हणजे एका डोळ्यात वर्षाला १४६० थेंब. रोज लाली १ असलेला डोळा निरोगी म्हणता येत नाही.

एकेरी डोसाची पायरी ठेवा, ती नियमातही आहे. पण 'ड्रेझ गुण शून्य, म्हणून सुरक्षित' हे वाक्य अहवालात येऊ देऊ नका.

नियमावली | मंगळवार, सकाळी ८:०५

२८ दिवस पुरणार नाहीत. नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम, २०१९, यांच्या दुसऱ्या परिशिष्टात डोळ्यांच्या विषबाधा चाचणीचा परिच्छेद आहे. जुन्या शेड्यूल वायमधूनच तो आलेला आहे. त्यात मागितलेल्या गोष्टी तुमच्या मसुद्याशी ताडून पाहू.

प्रजाती दोन हव्यात, त्यातली एक अल्बिनो ससा, कारण त्याच्या पापणीखालची खोबण पुरेशी मोठी असते. दुसरी प्रजाती तुमच्या मसुद्यात नाहीच. कालावधी माणसातल्या वापराएवढा, जास्तीत जास्त ९० दिवस. तुमचा वापर दीर्घकाळाचा आहे, तेव्हा ९० धरा. माणसाच्या डोसापेक्षा वरच्या किमान दोन वेगवेगळ्या तीव्रता हव्यात. तुम्ही तर माणसाचाच डोस घेतलाय, त्यातून सुरक्षिततेचं अंतर दिसणार नाही. एकेरी डोसाच्या चाचणीत दुसरा डोळा तुलनेला चालतो, पण रोजच्या डोसाच्या अभ्यासात तुलनेचा वेगळा गट लागतो. स्लिट लॅम्प (डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक), ०.२५ ते १ टक्का फ्लुओरेसीन (ओरखडे दाखवणारा चमकणारा रंग), टोनोमीटरने डोळ्यातला दाब, आणि शेवटी डेव्हिडसन किंवा झेंकर द्रावात डोळे ठेवून हिस्टॉलॉजी. फॉर्मॅलिनचा उल्लेख तिथे नाही.

दुसरी प्रजाती निवडताना एक व्यवहार लक्षात ठेवा. उंदीर, घूस-वर्गीय प्राणी, ससे यांची मंजुरी संस्थेची आयएईसी देते. कुत्रा घेतलात तर प्रस्ताव दिल्लीला प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे, सीसीएसईएकडे, म्हणजे पूर्वीच्या सीपीसीएसईएकडे जातो. प्रयोगशाळेतला उंदीर घेतलात तर त्याच्या पापणीखाली जागाच नसते. तिथे थेंब थेट कॉर्नियावर पडेल याची खात्री करायला नियमातच सांगितलंय.

दोन वरच्या तीव्रतांबद्दल: हायलुरोनेट-चिंचोक्याचं पॉलिमर दुप्पट केलंत तर ते द्रव राहणारच नाही, पापण्या चिकटतील आणि तुम्ही चिकटपणाचे दुष्परिणाम मोजत बसाल. अशा वेळी तीव्रता वाढवण्याऐवजी दिवसातल्या वेळा वाढवतात. मात्र नियमात शब्द तीव्रतेचा आहे, म्हणून हे समर्थन सीडीएससीओच्या (केंद्रीय औषध नियामकाच्या) सादरीकरणपूर्व बैठकीत मांडून लेखी घ्या. तिथेच विचारा की तुमचं नेमकं मिश्रण नवं औषध धरलं जाणार का. भारतात मंजूर होऊन ४ वर्षं उलटलेल्या, त्याच घटकांच्या त्याच ताकदीच्या थेंबासाठी एकाही सशाला हात लावायची गरज नसते. विनाकारण झालेल्या चाचण्यांइतकं वाईट काही नाही.

काचेची_नळी | मंगळवार, सकाळी ११:२०

सशापर्यंत जाण्याआधी मिश्रणाकडेच बघा. त्यात तीन गाठी दिसतायत.

पहिली, हायलुरोनेट आणि बेन्झाल्कोनियम. हायलुरोनेट ऋणभारित, बेन्झाल्कोनियम धनभारित. दोघं एकमेकांना धरतात. द्रावण किंचित दुधाळ होतं, कधी दोरे दिसतात, आणि धरलं गेलेलं प्रिझर्व्हेटिव्ह जंतू मारायला मोकळं राहत नाही. बाटली काळ्या आणि पांढऱ्या पडद्यासमोर धरून बघा, आणि प्रिझर्व्हेटिव्हच्या परिणामकारकतेची चाचणी आधी करा. ती नापास झाली तर ज्या बाटलीवर तुम्ही ९० दिवस ससे खर्ची घालणार ती बाजारात जाणारच नाही. त्याऐवजी ०.००५ टक्के स्थिर ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स हे प्रिझर्व्हेटिव्ह विचारात घ्या. त्याचं डोळ्यात मीठ, पाणी आणि ऑक्सिजन होतं.

दुसरी, फॉस्फेट. कॉर्निया धड असेल तर सहसा काही होत नाही. पण जखमी एपिथेलियमवर जास्त फॉस्फेट अश्रूंतल्या कॅल्शियमशी जुळून कॉर्नियात कॅल्शियमचा थर बसवतं. हे सशांतही दिसलंय आणि माणसांतही. हायलुरोनेटचे थेंब नेमके जखमी, कोरड्या डोळ्यातच जाणार. तुमचे ससे निरोगी, म्हणून तुमच्या चाचणीत हा धोका दिसायचा नाही. बफर बदला. फक्त बोरेटकडे सरळ उडी मारू नका, चिंचोक्याचं पॉलिसॅकराइड बोरेटबरोबर जेल धरतं. सायट्रेट करून बघा.

तिसरी, चिंचोका. चिंचोक्याची पूड गिरणगावात सुताच्या कांजीसाठी पोत्यांनी यायची. त्या पुडीत पॉलिसॅकराइडबरोबर प्रथिनं आणि मेदही असतात. तुमचा पुरवठादार शुद्ध केलेलं पॉलिसॅकराइड देतोय की जरा जास्त चाळलेली पूड, हे प्रथिनांच्या आकड्यावरून कळेल. ससा लाल डोळ्याने जे सांगेल, ते प्रथिनं मोजणारी ब्रॅडफर्ड चाचणी एका दुपारी सांगते.

सशांची_देखभाल | मंगळवार, दुपारी ३:४५

जूनच्या मध्यावर सुरू करणार, म्हणून लिहितोय.

मुंबईचा पावसाळा अॅनिमल हाऊसला फार जड जातो. सशांना १६ ते २२ अंश तापमान लागतं आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत. बाहेर ९० असताना एसी गारवा देतो, पण ओल काढेलच असं नाही. ओल राहिली की मूत्राचा अमोनिया खोलीतच कोंडतो, आणि त्याने कंजंक्टायव्हा लाल होतो. सगळ्या गटांत लाली १ दिसली तर आधी ट्रे किती वेळा बदलतायत ते बघा. आठवड्यातून दोनदाचं वेळापत्रक जुलैत पुरत नाही. एक दिवसाआड बदला. भाताचं तूस घालत असाल तर बंद करा. त्याची कुसळं आणि धूळ कॉर्नियावर ओरखडे पाडतात, आणि ते फ्लुओरेसीनखाली औषधाच्या ठिपक्यांसारखेच चमकतात.

आल्या आल्या ससे वापरू नका. किमान दोन आठवडे वेगळे ठेवा. पाश्चुरेला जंतूचा संसर्ग असलेल्या सशाचं नाक वाहतं, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूची लव चिकटून राहते, कारण तो नाक पंजाने पुसतो. पंजे उलटून बघा, नाक कोरडं असलं तरी पंजा खरं सांगतो. एकाच डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर दात बघा. वरच्या दातांची मुळं वाढली की अश्रुनलिका दाबली जाते. सशाला अश्रुनलिकेचं छिद्र फक्त खालच्या पापणीत, एकच. ते बंद झालं की दुसरी वाट नाही.

चाचणीआधीच्या २४ तासांत दोन्ही डोळे तपासणं सशांच्या डोळ्यांवरच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत, ओईसीडी ४०५मध्ये, आहेच. पण निरोगी सशातही फ्लुओरेसीनचे चार-दोन ठिपके दिसतात. म्हणून वेगवेगळ्या दोन दिवशी नोंद घ्या आणि दोन्ही दिवशी स्वच्छ निघालेलेच ससे निवडा. २४ हवेत तर ३० मागवावे लागतील, आणि हा आकडा प्रस्तावात आधीच लिहा. मागाहून वाढवून मागितला की समितीला तो नियोजनाचा अभाव वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

मृदुला_फार्मा | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. बफर आणि प्रिझर्व्हेटिव्हवर आजच काम सुरू केलं. एक विचारते: ससे कमी करण्यासाठी आधी हेट-कॅम (कोंबडीच्या फलित अंड्याच्या पटलावरची चाचणी) आणि देवनारच्या कत्तलखान्यातून आणलेले डोळे वापरता येतील का? नव्या औषधांच्या नियमांतल्या २०२३च्या दुरुस्तीने प्राण्यांविना पद्धतींना जागा मिळाली आहे ना?

काचेची_नळी | मंगळवार, रात्री १०:५०

जागा मिळाली आहे. २०२३च्या दुरुस्तीनंतर पेशींवरच्या, ऑर्गन-ऑन-चिपसारख्या पद्धतींची माहिती कायद्याने देता येते. पण कोणत्या प्रश्नाचं उत्तर कोणती पद्धत देते हे नीट बघा, नाहीतर ढिगाने आकडे जमतील आणि उत्तर मिळणार नाही.

हेट-कॅमला फलित अंडी लागतात. वाण्याकडची अंडी बिनफलित असतात. हॅचरीतून, पांढऱ्या कवचाची, ५० ते ६० ग्रॅमची घ्या. नवव्या दिवशी हवेच्या पोकळीवरचं कवच कापा, आतलं पांढरं पटल ०.९ टक्के सलाइनने भिजवा, मग चिमट्याने उचला. कोरडं उचललंत तर रक्तवाहिनी फाटते, आणि ते अंडं बाद. पदार्थ ०.३ मिली, निरीक्षण ३०० सेकंद. रक्तस्राव, वाहिन्या विरघळणं आणि साकळणं, तिन्हींची वेळ सेकंदांत लिहायची. धन नियंत्रण (नक्की त्रास देणारा तुलनेचा नमुना) ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. तुमचा द्रव चिकट आहे, तो पटलावर बसून वाहिन्या झाकतो, म्हणून नियंत्रणातही तेवढ्याच चिकटपणाचं नुसतं पॉलिमर ठेवा. ०.९पर्यंत गुण म्हणजे त्रासदायक नाही. तुमचे सगळे नमुने बहुधा तिथेच येतील. म्हणजे यातून वाईट खेप गाळता येईल, चांगल्यातलं अधिक चांगलं निवडता येणार नाही.

देवनारबद्दल. ओईसीडी ४३७ ही पद्धत गायी-बैलांच्या कॉर्नियावर प्रमाणित झाली आहे. महाराष्ट्रात २०१५पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, तेव्हा तुम्हाला म्हशीचे किंवा बकऱ्याचे डोळे मिळणार. त्यांवर आपसांतली तुलना खुशाल करा, पण अहवालात '४३७ प्रमाणे' लिहू नका. बकऱ्याचे डोळे घेताना एक दक्षता: मुंडी भाजायच्या आधी डोळे काढून घ्यायला हवेत. भाजलेल्या मुंडीचा कॉर्निया बाहेरून नितळ दिसला तरी आतली प्रथिनं शिजलेली असतात आणि फ्लुओरेसीन त्यातून सरळ पाझरतं. हँक्सच्या द्रावात, बर्फावर, त्याच दिवशी वापरा. देवनार ते प्रयोगशाळा हा प्रवास सकाळी लवकर उरका, ईस्टर्न फ्रीवे सुटला की दुपारच्या गर्दीत बर्फ वितळतो.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळची पद्धत म्हणजे माणसाच्या पेशींपासून बनवलेल्या कॉर्नियासारख्या उती, ओईसीडी ४९२. एका प्रकारात ५० मायक्रोलिटर द्रव ३० मिनिटं ठेवून धुतात, १२० मिनिटं थांबतात आणि एमटीटी या रंगद्रव्याने जिवंत पेशी मोजतात. ६० टक्क्यांच्या वर असेल तर त्रासदायक नाही. या ६० टक्क्यांवर थांबू नका. प्रिझर्व्हेटिव्ह असलेला आणि नसलेला नमुना समोरासमोर ठेवून ३० मिनिटं, मग १ तास, मग ४ तास असं वाढवत न्या. दोघांतला फरक वेळेबरोबर कसा रुंदावतो, तो तुमचा खरा निकाल. उती परदेशातून जिवंत येतात. शुक्रवारी सहार विमानतळावर उतरणारी खेप मागवू नका, कस्टममध्ये शनिवार-रविवार गेला की नियंत्रणाचाच प्रकाशशोषणाचा आकडा ०.८च्या खाली येतो आणि सगळी प्लेट फुकट.

थेंबाथेंबाने | बुधवार, सकाळी ७:४०

वरच्याशी सहमत, एक भर. पर्यायी पद्धतींत अश्रू नाहीत, पापणी नाही, गॉब्लेट पेशींची भरपाई नाही. ९० दिवसांत काय साचतं ते यांपैकी एकही दाखवत नाही. पण वाईट मिश्रण गाळून ससे एकाच अंतिम मिश्रणावर आणता येतात, आणि हे फार मोठं काम आहे.

आता थेंब घालण्याबद्दल, कारण अभ्यास बिघडतो तो बहुतेक वेळा इथे.

एकेरी डोसाला ०.१ मिली ठीक, ओईसीडी ४०५ तेवढंच सांगते. पण माणसाच्या बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. रोजच्या डोसाला ५० मायक्रोलिटर घ्या. ०.१ मिली घातलात तर निम्मं गालावर ओघळतं, लव भिजते, कातडी लाल होते आणि ससा पंजे मारतो.

चिकट द्रवाला साधी मायक्रोपिपेट फसवते. टिपच्या आत थर चिकटून राहतो, ५० म्हणता म्हणता ४०च पडतात. पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट वापरा आणि रोज सकाळी दहा थेंब तराजूवर घालून बघा. अर्धा ग्रॅम भरला पाहिजे. द्रव फ्रिजमधून काढून लगेच घालू नका. गार थेंबाने ससा डोळा मिटतो आणि तो 'चुरचुरला' असं नोंदवलं जातं.

दोघं लागतात. एकाने ससा टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरायचा, मागचे पाय आधाराने दाबलेले, नाहीतर झटका देऊन स्वतःचाच कणा मोडतो. मानेवर दाब नको. दुसऱ्याने खालची पापणी चिमटीत धरून पुढे ओढायची, तिचा छोटा पेला होतो, थेंब त्यात. टोक कॉर्नियाच्या वर किमान १ सेंटिमीटर. मग पापण्या सेकंदभर हलकेच जवळ आणून सोडून द्यायच्या. चोळायचं नाही. पहिल्या मिनिटात किती वेळा डोळा मिटला, पंजा किती वेळा नेला, ते मोजून लिहा. ससा ताशी जेमतेम दहा-बारा वेळा पापणी मिटतो, माणूस तेवढ्या एका मिनिटात. म्हणजे तोच थेंब सशाच्या डोळ्यात जास्त वेळ बसतो. हे सुरक्षिततेच्या दृष्टीने चांगलं, चाचणी कडक होते. चर्चेच्या भागात हा मुद्दा लिहा.

एकेरी डोसाच्या वेळी वेदनाशामकं टाळू नका. ओईसीडी ४०५मध्ये २०१२पासून ती आहेत: ६० मिनिटं आधी ब्युप्रेनॉर्फिन ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो कातडीखाली, ५ मिनिटं आधी ०.५ टक्के प्रोपॅराकेन किंवा टेट्राकेनचा थेंब, ८ तासांनी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेलॉक्सिकॅम ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो. फक्त प्रोपॅराकेनच्या बाटलीवरचं लेबल वाचा. बाजारातल्या अनेक बाटल्यांत बेन्झाल्कोनियम असतं. म्हणजे तुमच्या बिनप्रिझर्व्हेटिव्ह गटाला तुम्हीच प्रिझर्व्हेटिव्ह पाजता. एकेरी कुप्यांतलं मागवा.

परळ_पॅथॉलॉजी | बुधवार, दुपारी १:१५

तपासणीचा क्रम आणि हिस्टॉलॉजी, दोन्ही सांगते.

क्रम चुकला की एक तपासणी दुसरीला खोटं पाडते. सकाळचा पहिला थेंब घालण्याआधी तपासा. आधी रंगाशिवाय स्लिट लॅम्प, त्यातच लाली, सूज, चिपड, पुढच्या कप्प्यातल्या पेशी. मग फ्लुओरेसीन. टोनोमीटर शेवटी, कारण त्याचं टोक टेकल्याच्या खुणा रंगात चमकतात. अश्रू मोजायची शर्मर पट्टी वेगळ्या दिवशी, तीसुद्धा खरवडते. डोळ्यातला दाब दिवसाच्या वेळेनुसार बदलतो, रोज त्याच तासाला मोजा.

फ्लुओरेसीनचं बाटलीतलं द्रावण ठेवू नका, त्यात स्यूडोमोनास हा जंतू सुखाने वाढतो. निर्जंतुक पट्टी सलाइनच्या थेंबाने ओली करून वरच्या पांढऱ्या भागाला टेकवा. कॉर्नियाला टेकवलीत तर तिचाच ठसा उमटतो. मिनिटभर थांबून सलाइनने धुवा, मग कोबाल्ट निळा प्रकाश. तुमचं चिंचोक्याचं पॉलिसॅकराइड म्यूसिनसारखं चिकटून राहतं, ते रंग धरतं आणि हिरवट तवंग दिसतो. तवंग पापणी हलली की सरकतो. खरा ठिपका जागचा हलत नाही. शंका आली की पुन्हा धुवा. त्याच तवंगाला चिपड समजून गुण द्यायची चूकही सर्रास होते. गुण देणाऱ्याला गट माहीत नसावा, आणि पूर्ण ९० दिवस माणूस तोच असावा. लाली १ आणि २ यांतली रेघ प्रत्येकाची वेगळी असते.

फॉर्मॅलिनने डोळा आक्रसतो आणि रेटिना सुटून येते. वाचणाऱ्याला ते औषधाचं नुकसान वाटू शकतं. झेंकरमध्ये पारा आहे, त्याची विल्हेवाट हा स्वतंत्र ताप. डेव्हिडसन करा. एका लिटरला ९५ टक्के अल्कोहोल ३३० मिली, तीव्र फॉर्मॅलिन २२० मिली, ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड ११५ मिली, पाणी ३३५ मिली. २४ ते ४८ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. जास्त वेळ राहिलं तर भिंग दगडासारखं होतं आणि मायक्रोटोमवर तडकतं. डोळा काढताना पापण्या आणि तिसरी पापणीसुद्धा घ्या. बाराच्या दिशेला एक टाका घाला, नाहीतर वरची बाजू कुठली ते कापताना कळत नाही.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगांबरोबर पीएएस रंग हवाच. गॉब्लेट पेशी किरमिजी दिसतात, ठरावीक लांबीत मोजता येतात. बेन्झाल्कोनियमचा परिणाम इथे पकडला जातो, ड्रेझ शून्य असतानाही. सगळ्या सशांत तीच जागा मोजा, उदाहरणार्थ खालच्या खोबणीची नाकाकडची बाजू. कारण या पेशी जागोजाग कमी-जास्त असतात आणि जागा बदलली की आकडा दुप्पटही होतो.

नियमावली | बुधवार, संध्याकाळी ६:५०

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. सशांवर जी खेप वापराल ती निर्जंतुक, पूर्ण प्रक्रियेतून गेलेली, बाजारात जाणाऱ्या बाटलीतच भरलेली हवी. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात घोटलेली नको. बाटलीच्या प्लॅस्टिकमधून, लेबलच्या गोंदातून, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केलेल्या नोझलमधून काय झिरपतं तेही डोळ्यातच जातं.

आणि सशांची चाचणी निर्जंतुकतेची हमी देत नाही. २०२३मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंशी जोडलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासच्या साथीत ४ माणसं दगावली, १४ जणांची दृष्टी गेली. त्या थेंबांत प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं आणि बाटली अनेकदा वापरायची होती. प्रिझर्व्हेटिव्ह काढलं की पेशी वाचतात, पण मग कुपी एकेरी हवी किंवा बाटलीची झडप तशी हवी. हा निर्णय सशांच्या आधीचा आहे.

मृदुला_फार्मा | गुरुवार, रात्री १०:०५

सुधारलेला आराखडा. बेन्झाल्कोनियम रद्द, फॉस्फेटच्या जागी सायट्रेट. आधी प्रथिनांचा आकडा, प्रिझर्व्हेटिव्हची परिणामकारकता, मग ४९२च्या उतींवर ३० मिनिटं ते ४ तास. त्यातून पार झालेलं मिश्रणच सशांकडे.

एकेरी डोस १ सशावर, स्वच्छ निघाला तर आणखी २. हे ३ ससे ९० दिवसांच्या अभ्यासात घेणार नाही. ९० दिवसांना ४ गट, प्रत्येकी ३ नर, ३ माद्या, एकूण २४. सलाइन १२ वेळा. कुपी ८ वेळा. कुपी १२ वेळा. ऑक्सिक्लोरोची बाटली १२ वेळा. १२ वेळा म्हणजे ४५ मिनिटांच्या अंतराने, सकाळी ८ ते दुपारी सव्वाचार. फक्त उजव्या डोळ्यात. फ्लुओरेसीन आणि स्लिट लॅम्प ०, ७, २८, ६० आणि ९० दिवशी. दुसऱ्या प्रजातीचा प्रश्न सादरीकरणपूर्व बैठकीत. सुरुवात ऑक्टोबरमध्ये. अजून काय राहिलं?

सशांची_देखभाल | शुक्रवार, सकाळी ६:५५

ऑक्टोबर उत्तम, मात्र ९० दिवसांत दिवाळी आणि बारा-तेरा रविवार आहेत. रविवारचा लोकलचा मेगाब्लॉक म्हणजे ८चा डोस साडेनऊला. चुकलेला डोस नंतर दुप्पट घालायचा नाही, चुकला म्हणून वेळेसह लिहायचा, आणि किती चुकले तर ससा अभ्यासातून वगळायचा तो आकडा आजच ठरवा. रविवारी चालत येऊ शकणारी दोन माणसं नावासह नेमा.

अभ्यास थांबवायच्या खुणाही लिहून ठेवा. कॉर्नियावर व्रण, पुढच्या कप्प्यात रक्त, ४ गुणांचा धूसरपणा ४८ तास टिकला, ७२ तास प्रकाशाला बाहुली हलली नाही, तर तो ससा तिथेच थांबवायचा. तुमच्या थेंबाने असं व्हायचं नाही. पण पंजाच्या ओरखड्याने किंवा जंतुसंसर्गाने होऊ शकतं, आणि रात्री नऊला कुणाला विचारावं हा प्रश्न तेव्हा पडता कामा नये. नखं दर पंधरा दिवसांनी कापा.

थेंबाथेंबाने | शुक्रवार, सकाळी ९:२०

आकडेमोडीत एकक ससा धरा, डोळा नाही. आणि न घातलेल्या डाव्या डोळ्याला निखळ नियंत्रण समजू नका. ससा दोन्ही पंजांनी तोंड धुतो, उजवीकडचं डावीकडे जातं.

डाव्या-उजव्याची चूक ९० दिवसांत एकदा तरी होते. ससा समोर तोंड करून धरला की त्याचा उजवा डोळा तुमच्या डाव्या हाताला येतो. पिंजऱ्यावरची चिठ्ठी इथे कामाची नाही, कारण थेंब घालताना पिंजरा मागे राहिलेला असतो. उजव्या कानाच्या आतल्या बाजूला गटाच्या रंगाची खूण करा, दर चार दिवसांनी पुन्हा गडद करा, आणि धरणाऱ्याने प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचं: रंगाचा कान, रंगाचा डोळा.